जॉयस्टिकचा मधला आकडा: जोडणी, वाचन आणि देखाव्यातल्या मोराची मान

जॉयस्टिक मॉड्यूलच्या पाच पिना अर्डुइनो बोर्डाला (आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडायला पाच मिनिटं पुरतात. काम अडतं ते त्याच्या पुढे, आणि बहुतेक वेळा एकाच जागी अडतं: हात सोडला की दांडी मध्ये येते, पण आकडा मध्ये येत नाही. प्रोग्रॅम मध्य म्हणून ५१२ धरून लिहिलेला असतो, मॉड्यूल ४९६ देतं नाहीतर ५२७, आणि मोटर कुणी हात न लावता एका बाजूला सरकत राहते. मग वायरी बदलून होतात, मॉड्यूलही बदलून होतं, तरी सरकणं थांबत नाही, कारण चूक त्या दोन्हींत नसतेच. म्हणून इथे जोडणी भरभर उरकली आहे आणि मधल्या आकड्याला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण घेतलं आहे ते घरच्या गणपतीपुढच्या लहान हलत्या देखाव्याचं. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार मिलच्या झांक्या बघत वाढलेल्या इंदूरकराला हलत्या देखाव्याची ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपलं काम तेवढं मोठं नाही. पुठ्ठ्याचा एक मोर, दोन छोट्या सर्वो मोटरी (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या) आणि हातात जॉयस्टिक. दांडी हलेल तशी मोराची मान डावी-उजवीकडे आणि वर-खाली व्हायला हवी, आणि दांडी सोडली की मान होती तिथेच शांत थांबायला हवी. हे शेवटचं वाक्यच सगळ्यात कठीण आहे.

सामान

अर्डुइनो उनो बोर्ड, अस्सल किंवा त्याची स्वस्त नक्कल, दोन्ही चालतात. नकलेवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० चिप असते. काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर आधी घालावा लागतो, नाहीतर पोर्टच्या यादीत बोर्ड दिसतच नाही. जॉयस्टिक मॉड्यूल केवाय-०२३ या नावाने मिळतं. शिवाय एक टोक मेल आणि एक टोक फीमेल अशा पाच जंपर वायरी, एक ब्रेडबोर्ड आणि साधा मल्टिमीटर. देखाव्यासाठी दोन एसजी९० सर्वो, ५ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा एक कपॅसिटर आणि ०.१ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर. या लहान पिवळ्या कपॅसिटरवर १०४ असं छापलेलं असतं.

जेल रोडला किंवा महाराणी रोडला शोधायला निघालात तर दुकानात नुसतं ‘जॉयस्टिक’ म्हणू नका, खेळाचा रिमोट पुढे येईल. ‘पाँच पिन वाला जॉयस्टिक मॉड्यूल, अर्डुइनो का’ असं सांगा. काउंटरवरच दांडी चारही दिशांना नेऊन सोडून बघा. ती प्रत्येक वेळी टचकन मध्ये यायला हवी. वरून दाबल्यावर टिक असा आवाज यायला हवा. एका बाजूला ढिली पडणारी दांडी घेऊ नका. स्प्रिंगचा दोष प्रोग्रॅमने थोडाफार झाकता येतो, पण जात नाही.

आत काय असतं

टोपी ओढून काढली की खाली धातूची चौकट आणि तिच्या दोन बाजूंना दोन लहान डबे दिसतात. हे दोन पोटेन्शिओमीटर, प्रत्येकी १० किलोओहमचे. रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारा जुना व्हॉल्यूम जसा असायचा, तसेच. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. तिसऱ्या बाजूला दाबायचा स्विच असतो.

पोटेन्शिओमीटरच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्याला ग्राउंड आणि मधून सरकणारा संपर्क. दांडी जिथे असेल त्या प्रमाणात या मधल्या संपर्कावर व्होल्टेज येतं. बोर्ड ते व्होल्टेज ० ते १०२३ या पट्टीवर मोजतो, म्हणजे ५ व्होल्टला एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची.

बोर्डाची मोजपट्टी आणि जॉयस्टिकचा पुरवठा दोन्ही एकाच ५ व्होल्टवर चालतात, ही या रचनेतली फार सोयीची गोष्ट आहे. यूएसबीतून कधी ४.८ येतात, कधी ५.१, पण पट्टी आणि मोजायची वस्तू सोबतच वर-खाली होतात, म्हणून आकडा तोच राहतो. जॉयस्टिकला वेगळ्या अडॅप्टरचे ५ व्होल्ट दिले की ही सोय गेली. चुकून ३.३ व्होल्टच्या पिनेला जोडलं तर मधला आकडा ३३८च्या आसपास येतो आणि दांडी पूर्ण नेली तरी ६७५च्या पुढे काही जात नाही. असे आकडे दिसले तर आधी लाल वायर कुठल्या भोकात आहे ते बघा.

जोडण्याआधी मल्टिमीटरने एक तपासणी करून घ्या. मॉड्यूल कशालाही न जोडता जीएनडी (ग्राउंड) आणि ५व्ही या पिनांमध्ये ओहम मोजा. दोन १० किलोओहम समांतर म्हणून ५ किलोओहमच्या आसपास यायला हवेत, ४ ते ६ चालतील. आता दांडी मोकळी ठेवून व्हीआरएक्स (एका दिशेच्या पोटेन्शिओमीटरचा मधला संपर्क; दुसऱ्या दिशेचा तो व्हीआरवाय) आणि जीएनडीमध्ये मोजा. इथे ५ किलोओहमची अपेक्षा असते आणि येतात ३.७ किंवा ३.८. मॉड्यूल खराब नाही. खालच्या अर्ध्या ५ किलोओहमला दुसरा रस्ताही मिळतो: वरचे ५ आणि दुसऱ्या पोटेन्शिओमीटरचे १०, मिळून १५. ५ आणि १५ समांतर म्हणजे ३.७५. शेवटी एसडब्ल्यू (स्विचची पिन) आणि जीएनडीमध्ये बीप लावून दांडी दाबा. दाबल्यावर बीप, सोडल्यावर शांत.

जोडणी

यूएसबी काढून ठेवा आणि मगच वायरी लावा.

जीएनडी बोर्डाच्या जीएनडीला.
५व्ही बोर्डाच्या ५व्हीला.
व्हीआरएक्स ए० ला.
व्हीआरवाय ए१ ला.
एसडब्ल्यू डिजिटल २ ला.

ए४ आणि ए५ मोकळ्या ठेवा. पुढे लहान डिस्प्ले लावावासा वाटला तर त्याला त्याच लागतात. एसडब्ल्यू डिजिटल ० किंवा १ वर लावू नका, त्या संगणकाशी बोलण्याच्या वायरी आहेत. बटण दाबून धरलं असताना प्रोग्रॅम चढणार नाही आणि कारणही सापडणार नाही.

पूर्ण लांबीच्या ब्रेडबोर्डवर वरच्या-खालच्या लाल-निळ्या पट्ट्या काही वेळा मधोमध तुटलेल्या असतात. छापलेली रेघ मध्ये खंडित दिसली तर तिथे जंपर टाका. मॉड्यूल टेबलावर लोखंडी पट्टीवर किंवा स्टीलच्या ताटात ठेवू नका, खाली झाळलेली टोकं उघडी असतात. फळीचा तुकडा घ्या आणि चार कोपऱ्यांच्या भोकांतून स्क्रूने आवळा. हाताने दाबल्यावर मॉड्यूल डुगडुगलं तर वायरी सुटतात.

पहिला प्रोग्रॅम: नुसते आकडे बघा

आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि कॅपिटल-स्मॉल सांभाळून लिहायची: पिनमोडमधला एम कॅपिटल, अ‍ॅनालॉगरीडमधला आर कॅपिटल, इनपुट पुलअप पूर्ण कॅपिटलमध्ये आणि मध्ये अंडरस्कोर.

सेटअपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, दोन ओळी पुरतात. पिनमोडने डिजिटल २ ला इनपुट पुलअप करा (म्हणजे बोर्डातलाच रेझिस्टर ती पिन एरवी ५ व्होल्टकडे ओढून धरतो) आणि सीरियल बिगिन ११५२०० वर सुरू करा. लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, ए० वाचा, ए१ वाचा, डिजिटल २ वाचा, तिन्ही आकडे मध्ये मोकळी जागा सोडून एका ओळीत छापा आणि १०० मिलिसेकंद थांबा. सीरियल मॉनिटरच्या (बोर्डाने पाठवलेलं संगणकावर दाखवणाऱ्या) खिडकीतही वेग ११५२०० निवडा. तिथे ९६०० राहिला तर आकड्यांऐवजी चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं येतात.

९६०० का नको? त्या वेगाला एक अक्षर पाठवायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो. १७ अक्षरांची ओळ म्हणजे साधारण १८ मिलिसेकंद. आत्ता फरक पडत नाही, पण पुढे मान दर २० मिलिसेकंदांनी हलवायची आहे, तेव्हा सगळा वेळ छापण्यातच जाईल. ११५२०० वर तीच ओळ दीड मिलिसेकंदात जाते.

आता कागद-पेन घ्या. दांडी मोकळी असताना दोन्ही आकडे लिहा. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली नेऊन लिहा. कुठल्या दिशेला आकडा वाढतो हे मॉड्यूल कसं धरलं आहे त्यावर ठरतं, म्हणून पुस्तकी दिशा पाठ करण्यात अर्थ नाही. दांडी हळूहळू टोकाकडे नेताना एक गोष्ट नक्की दिसेल: टोक यायच्या बऱ्याच आधी आकडा १०२३ला पोचतो आणि पुढची हालचाल वाया जाते. या स्वस्त मॉड्यूलचा हा स्वभावच आहे. बारीक नियंत्रण जे काही मिळतं ते मधल्या पट्ट्यातच, म्हणून तो पट्टा नीट सांभाळावा लागतो.

आकडे वेडे येत असतील तर

आकडे नीट बघितले तर कुठली वायर सुटली आहे हे तेच सांगतात, सगळं उपसून पुन्हा लावायची गरज नसते.

दांडी कुठेही न्या, दोन्ही आकडे ०. म्हणजे ५ व्होल्टची वायर सुटली आहे, मधला संपर्क पोटेन्शिओमीटरमधूनच ग्राउंडला ओढला जातो आहे.

दोन्ही कायम १०२३ आणि बटणही काम करत नाही. ग्राउंड सुटलं आहे.

दोन्ही दिशा उलट्या आणि बटण मेलेलं. ५व्ही आणि जीएनडी अदलाबदल झाले आहेत. पोटेन्शिओमीटरला उलटसुलट काही कळत नाही, आकडे फक्त आरशातले होतात. बटण मात्र दाबल्यावर पिनेला ग्राउंडऐवजी ५ व्होल्टला जोडतं आणि पुलअपमुळे ती पिन आधीच वर असते, म्हणून बदल दिसत नाही. यात काही जळत नाही. यूएसबी काढा, दोन वायरी बदला.

एक आकडा बरोबर आणि दुसरा त्याच्या मागे-मागे फिरतोय, किंवा हात जवळ नेला की भरकटतोय. हा दोष सगळ्यात फसवा, कारण बघणाऱ्याला वाटतं दोन्ही दिशा आत कुठेतरी जोडल्या गेल्या आहेत. प्रत्यक्षात त्या दुसऱ्या दिशेची वायर सुटलेली असते. बोर्डात मोजणारं यंत्र एकच आहे, ते आळीपाळीने सहा पिनांकडे वळतं. मोजण्याआधी आतला एक चिमुकला कपॅसिटर पिनेच्या व्होल्टेजने भरला जातो. पिन मोकळी असेल तर त्यात मागच्या पिनेचाच भार शिल्लक राहतो आणि तोच पुन्हा मोजला जातो. वायर घट्ट लावली की भूत जातं. लांब वायरींवर याची पुसटशी छाया जाणवली तर प्रत्येक पिन दोनदा वाचा आणि पहिलं वाचन टाकून द्या. एका वाचनाला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, एवढा वेळ सहज परवडतो.

आकडा स्थिर असताना २-३ ने थरथरतो. ही थरथर राहणारच, तिला दोष समजू नका. १० ने थरथरला तर व्हीआरएक्स आणि ग्राउंडमध्ये, तसंच व्हीआरवाय आणि ग्राउंडमध्ये एकेक १०४ कपॅसिटर बोर्डाच्या जवळ लावा.

मधला आकडा

समजा मोकळ्या दांडीला ५०७ आला. एकदा डावीकडे नेऊन सोडा: ५०३. उजवीकडे नेऊन सोडा: ५१४. पुन्हा डावीकडे: ५०१. स्प्रिंग दांडीला अगदी त्याच ठिपक्यावर आणत नाही, ज्या बाजूने दांडी परतली त्या बाजूला किंचित अलीकडेच थांबते. म्हणजे मध्य हा एक आकडा नसतोच, एक लहान पट्टा असतो. हा पट्टा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रत्येक दिशेला दहादा नेऊन सोडा आणि सगळ्यात लहान व सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवा.

वरच्या मॉड्यूलला पट्टा ५०१ ते ५१६ आला असं धरू. मध्य ५०७ मानला तर सगळ्यात लांबचं अंतर ९. थरथरीचे ३ मिळवा, थोडी सवलत ठेवा, २० घ्या. मध्यापासून २० च्या आत जे काही येईल ते शून्य. याला डेड झोन म्हणतात. हा आकडा उगाच ५० किंवा ८० करू नका. मान बारीक हलवायला हाताला जी जागा मिळते तीच कमी होते.

मध्य प्रोग्रॅमने स्वतः शोधावा. सुरू होताच दोन्ही पिना ३२-३२ वेळा वाचा, बेरीज करा, ३२ ने भागा. ३२ च का? उनोवर साधा इंट (पूर्णांक ठेवायचा नेहमीचा प्रकार) ३२७६७ पर्यंतच मोजतो. ३२ गुणिले १०२३ म्हणजे ३२७३६, जेमतेम मावतं. ६४ वाचनं घेतली तर ६४ गुणिले ५१२ होतात ३२७६८, म्हणजे एकाने मर्यादा ओलांडली आणि बेरीज उणे झाली. जास्त वाचनं हवी असतील तर बेरजेसाठी लाँग (मोठे पूर्णांक मावणारा प्रकार) वापरा.

सुरू करताना कुणी दांडी धरून बसलेलं असेल तर चुकीचाच मध्य नोंदला जाईल. म्हणून सरासरी ४०० ते ६२० च्या बाहेर आली तर ती नाकारा आणि कागदावर लिहिलेला मध्य वापरा. लहान मुलं आजूबाजूला असतील त्या घरात ही ओळ फार उपयोगाची आहे.

आता आकडा वजा १०० ते १०० या पट्टीवर आणायचा. इथे बहुतेक जण मॅप ही तयार आज्ञा लावतात: ० ते १०२३ चं वजा १०० ते १००. मध्य ५३० असेल तर ती ३ देते, म्हणजे दांडी मोकळी असताना ३. शिवाय डेड झोन नंतर लावला तर शून्यावरून एकदम वरच्या आकड्यावर उडी बसते, मान हळू सुरू होण्याऐवजी झटका घेते. त्यापेक्षा दोन बाजू वेगळ्या हिशोबाने करा:

वाचनातून मध्य वजा करा, हे अंतर.
अंतर २० च्या आत असेल तर उत्तर ०.
अंतर धन असेल तर त्यातून २० वजा करा, १०० ने गुणा आणि १०२३ वजा मध्य वजा २० ने भागा.
अंतर ऋण असेल तर त्यात २० मिळवा, १०० ने गुणा आणि मध्य वजा २० ने भागा.

मध्य ५०७ घेऊन पडताळा. उजव्या टोकाला अंतर ५१६, त्यातून २० गेले ४९६, भाजकही ४९६, उत्तर १००. डाव्या टोकाला वजा ४८७ भागिले ४८७, उत्तर वजा १००. डेड झोनच्या काठावर उत्तर शून्यापासूनच सुरू होतं, झटका नाही.

आणि इथेच इंटचा दुसरा खड्डा आहे. अंतर इंटमध्ये ठेवलं तर ३२७ गुणिले १०० म्हणजे ३२७०० पर्यंत सगळं ठीक, उत्तर ६५. दांडी एक पायरी पुढे गेली की ३२८ गुणिले १०० म्हणजे ३२८००, आणि इंट उलटतो. स्क्रीनवर ६५ नंतर थेट वजा ६६ दिसतं. मान उजवीकडे जाता जाता अचानक डावीकडे पळते. पोटेन्शिओमीटर खराब झाल्यासारखंच वाटतं, म्हणून चांगली मॉड्यूलं कचऱ्यात जातात. उपाय एका शब्दाचा: अंतर लाँग म्हणून घ्या. मॅप ही आज्ञा आतून लाँगच वापरते, म्हणून तिच्यात हा दोष दिसत नाही आणि स्वतः हिशोब लिहिणारा गोंधळतो.

बटण

दाबलं नसताना १, दाबल्यावर ०. उलटं वाटतं, पण बटण ग्राउंडला जोडतं म्हणून असंच असणार. इनपुट पुलअपऐवजी नुसतं इनपुट लिहिलं तर बोर्डातला २० ते ५० किलोओहमचा आधार मिळत नाही, पिन लटकते आणि बटण आपोआप दाबल्यासारखं होतं.

धातूचे संपर्क मिटताना काही मिलिसेकंद उसळतात, म्हणून स्थिती बदलल्यावर ३० मिलिसेकंद तीच टिकली तरच खरी धरा. त्यासाठी डिले (सगळं थांबवून ठेवणारी आज्ञा) नको, मिलिसने (चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या आज्ञेने) वेळ बघा, नाहीतर तेवढा वेळ मान गोठते. दुसरं असं की दांडी अगदी सरळ खाली कुणालाच दाबता येत नाही, दाबताना ती थोडी कलतेच. बटण दाबलेलं असेपर्यंत दोन्ही दिशांचे आकडे शून्य माना. आपण बटणाला काम दिलं आहे मान सरळ करण्याचं: दाबलं की दोन्ही कोन ९० वर.

मोराची मान

कोन थेट दांडीच्या जागेला बांधला तर दांडी सोडल्यावर मान परत सरळ होते. देखाव्यात ते बरं दिसत नाही. म्हणून दांडी म्हणजे वेग असं धरा. दर २० मिलिसेकंदांनी कोनात पट्टीवरच्या आकड्याच्या ०.०२ पट मिळवा. पूर्ण नेलेली दांडी १०० देते, म्हणजे दर वेळी २ अंश, सेकंदाला १०० अंश. पहिल्यांदा हे जास्तच वाटेल, मग ०.००५ पर्यंत उतरवा. कोन फ्लोटमध्ये (दशांश ठेवणाऱ्या प्रकारात) ठेवा, नाहीतर लहान भर कापली जाऊन दांडी थोडी नेल्यावर मान हलणारच नाही. कोन २० आणि १६० च्या मध्ये बांधा, टोकाला नेऊन सर्वो घरघरत ठेवू नका.

डेड झोन कशासाठी होता ते इथे डोळ्यांना दिसतं. मोकळ्या दांडीला ३ आला तर दर वेळी ०.०६ अंश, सेकंदाला ३ अंश. कुणी हात न लावता मोर अर्ध्या मिनिटात मान वळवून भिंतीकडे बघत बसेल.

सर्वोच्या सिग्नलच्या नारिंगी वायरी डिजिटल ५ आणि ६ ला. सर्वोची लायब्ररी (मोटर चालवायचा तयार कोड) उनोवर ९ आणि १० या पिनांचं मंद-प्रखर करणं बंद करते, मोटर तिथे असो वा नसो. मागे दिवे हळूहळू उजळवायचे असतील तर ते ३ किंवा ११ वर घ्या.

लाल वायरी वेगळ्या ५ व्होल्ट अडॅप्टरला, तपकिरी त्याच्या ग्राउंडला, आणि अडॅप्टरचं ग्राउंड बोर्डाच्या जीएनडीला. ही शेवटची वायर विसरली की सर्वो थरथरते आणि आज्ञा ऐकत नाही. अडॅप्टरचं ५ व्होल्ट बोर्डाच्या ५व्हीला मात्र जोडू नका. मान कुठे अडकली तर एक एसजी९० अर्ध्या अँपिअरच्या पुढे खेचते. तेवढं यूएसबीतून घेतलं तर बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि सुरू होताना मध्यही पुन्हा नोंदतो, तोसुद्धा तुमचा हात दांडीवर असताना. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सर्वोच्या लाल-तपकिरी वायरींवर, मोटरच्या जवळ लावा. पट्टा असलेला पाय ग्राउंडला.

जॉयस्टिक मखरापासून दूर, दोन-तीन मीटरवर ठेवायची असेल तर पाच सुट्या जंपर नकोत. एकाच केबलमधल्या वायरी घ्या आणि १०४ कपॅसिटर बोर्डाच्या टोकाला ठेवा. एसडब्ल्यू आणि ५ व्होल्टमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर बाहेरून लावा. आरास करताना माळांच्या दिव्यांची वायर आणि ही केबल एकाच खिळ्यावरून नेऊ नका.

दुसरा बोर्ड असेल तर

इएसपी३२ ला जॉयस्टिक ३.३ व्होल्टवरच चालवा. ५ दिले तर पिन जाऊ शकते. पट्टी ० ते ४०९५, पण मोजणी टोकांना वाकडी असल्यामुळे मध्य २०४८ पेक्षा बराच खाली येऊ शकतो. म्हणजे इथे तर मध्य मोजण्याला पर्यायच नाही. दोन दिशा ३४ आणि ३५ वर घ्या, वायफाय चालू असतानाही त्या वाचता येतात. बटण तिथे नको, त्या पिनांना आतला पुलअप नाही. २७ घ्या.

इएसपी८२६६ च्या नोडएमसीयूला अ‍ॅनालॉग पिन एकच आहे, दोन दिशा थेट वाचता येत नाहीत. रास्पबेरी पाय पिकोवर २६, २७, २८ या तीन पिना आहेत, पुरवठा ३.३ व्होल्टचा. मोठ्या रास्पबेरी पायला अ‍ॅनालॉग पिनच नाही, त्याला एमसीपी३००८ सारखी चिप लागते.

देखावा दहा दिवस चालणार. रोज संध्याकाळी आरतीआधी बोर्डाला वीज देताना जॉयस्टिकला हात लावू नका, दोन सेकंद थांबा. मोराची मान सरळ येऊन स्थिर राहिली की मध्य नीट नोंदला गेला. मान हळूच सरकताना दिसली तर बोर्डाचं रीसेट बटण एकदा दाबा. तरीही सरकली तर सीरियल मॉनिटर उघडून पहिल्या दिवशीचा कागद शेजारी धरा. मोकळ्या दांडीचा आकडा ३०-४० ने सरकलेला असेल तर टोपीखाली गुलाल किंवा उदबत्तीची राख गेलेली असू शकते. वीज काढून टोपी उचला, फुंकणीने हवा मारा, संपर्क साफ करायचा फवारा एक-दोन थेंब सोडा आणि दांडी वीस-पंचवीस वेळा गोल फिरवा. तेल सोडू नका, त्यात धूळ आणखी चिकटते.